मत्तय (शुभवर्तमानकार)

मत्तय (अन्य प्रचलित नावे : संत मत्तय, संत मॅथ्यू, लेवी) हे येशू ख्रिस्तांच्या बारा प्रेषितांपैकी एक होते. ख्रिस्ती परंपरेनुसार बायबलच्या नव्या करारातील पहिला ग्रंथ, म्हणजेच मत्तयकृत शुभवर्तमान, त्यांनी लिहिला. मत्तय, मार्क, लूक आणि योहान या चौघांना मिळून ‘शुभवर्तमानकार’ म्हटले जाते. प्रेषित होण्यापूर्वी मत्तय गालील प्रांतातील कफर्णहूम या गावी जकातदार होते. रोमन कॅथलिक व अन्य पाश्चात्त्य चर्चमध्ये त्यांचा सण २१ सप्टेंबर रोजी, तर पौर्वात्य ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये १६ नोव्हेंबर रोजी पाळला जातो.

मत्तय यांच्याविषयीची माहिती तीन थरांची आहे. पहिला थर नव्या करारातील मोजक्या उल्लेखांचा, दुसरा इ.स. दुसऱ्या ते पाचव्या शतकांतील चर्चच्या लेखकांनी नोंदवलेल्या साक्षींचा आणि तिसरा त्यानंतर वाढत गेलेल्या आख्यायिकांचा. हे तिन्ही थर सारख्या वजनाचे नाहीत. विशेषतः मत्तय यांचे शुभवर्तमान दुसऱ्या शतकातच भारतात पोहोचले होते, या परंपरेचा विचार करताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

नाव

‘मत्तय’ हे नाव हिब्रू ‘मत्तित्याहू’ या नावाच्या संक्षिप्त रूपावरून आले असून त्याचा अर्थ ‘देवाची देणगी’ असा होतो. यहुदा इस्कर्योत याच्या जागी पुढे ज्यांची निवड झाली ते प्रेषित मत्थिया वेगळे. दोन्ही नावांचे मूळ एकच असल्यामुळे उत्तरकालीन आख्यायिकांमध्ये या दोघांच्या कथांची सरमिसळ झालेली आढळते.

नव्या करारातील उल्लेख

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात त्यांच्या पाचारणाचा प्रसंग येतो. येशू वाटेने जात असता त्यांना जकातनाक्यावर बसलेले मत्तय दिसतात. येशू त्यांना आपल्यामागे येण्यास सांगतात आणि मत्तय उठून त्यांच्यामागे जातात. त्यानंतर एका घरी भोजन होते. त्या पंगतीला जकातदार आणि ‘पापी’ समजले जाणारे लोक असल्यामुळे परूशी आक्षेप घेतात. वैद्याची गरज निरोग्यांना नव्हे, तर रोग्यांना असते, या अर्थाचे उत्तर येशू त्यांना देतात.

हाच प्रसंग मार्क आणि लूक यांच्या शुभवर्तमानांतही आहे. मात्र तेथे जकातदाराचे नाव लेवी असे आहे. मार्क त्याला ‘अल्फीचा मुलगा’ म्हणतात. प्रेषितांच्या चारही याद्यांत (मत्तय, मार्क, लूक आणि प्रेषितांची कृत्ये) मत्तय हे नाव येते. परंतु ‘जकातदार मत्तय’ असा स्पष्ट उल्लेख केवळ मत्तयकृत शुभवर्तमानातच आहे. लेवी आणि मत्तय ही एकाच व्यक्तीची दोन नावे होत, असे परंपरा मानते. काही आधुनिक अभ्यासकांच्या मते ही मुळात दोन वेगळी माणसे असावीत. या पाचारणाच्या प्रसंगापलीकडे मत्तय यांची कोणतीही स्वतंत्र कृती किंवा उक्ती नव्या करारात नोंदलेली नाही.

जकातदाराचा व्यवसाय

मत्तय यांच्या काळी गालील प्रांतावर हेरोद अंतिपा या मांडलिक राजाची सत्ता होती (इ.स.पू. ४ ते इ.स. ३९). कफर्णहूम हे गालील सरोवराच्या काठचे गाव शेजारच्या फिलिप्पाच्या राज्याच्या सीमेजवळ होते. त्यामुळे तेथील नाक्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर कर घेतला जाई. कर गोळा करण्याचे काम मक्त्याने दिले जात असे. ठरलेली रक्कम सरकारजमा केल्यावर उरेल तो मक्तेदाराचा नफा होई. त्यामुळे जादा वसुलीचा संशय या व्यवसायाला कायमचा चिकटलेला होता. परकीय सत्तेशी असलेला संबंध हे यहुदी समाजातील तिरस्काराचे आणखी एक कारण होते.

मराठी बायबलने या व्यवसायासाठी योजलेला ‘जकातदार’ हा शब्द वाचकाला सहज भिडतो. महाराष्ट्रातील शहरांच्या वेशीवरील जकातनाके अगदी अलीकडेपर्यंत चालू होते. मुंबईतील जकात १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर बंद झाली. निजामाच्या हैदराबाद संस्थानात, म्हणजे मराठवाड्यातही, अशा कराला ‘करोडगिरी’ म्हणत. त्याहून प्राचीन काळाकडे वळल्यास, सातवाहनकालीन नाणेघाटाच्या माथ्यावरील दगडी रांजण व्यापाऱ्यांकडून जकात गोळा करण्यासाठी होता, अशी लोकश्रुती आहे. नाणेघाटाचा मार्ग कोकणातील बंदरे जुन्नर-पैठणशी जोडत होता. कफर्णहूमचा नाका चालू असताना या घाटातूनही मालाची ये-जा होत होती.

शुभवर्तमानाचे कर्तृत्व

प्राचीन साक्षी

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या मूळ मजकुरात लेखकाचे नाव कोठेही नाही. ‘मत्तयाप्रमाणे’ हा मथळा ग्रंथाला नंतर जोडला गेला असे बहुतेक अभ्यासक मानतात. कर्तृत्वाविषयीची सर्वांत जुनी ज्ञात साक्ष हिएरापोलिसचे बिशप पापियस यांची आहे. दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात होऊन गेलेल्या पापियस यांचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्यातील उतारे चौथ्या शतकातील इतिहासकार युसेबियस यांनी जपले आहेत. मत्तय यांनी प्रभूची वचने ‘हिब्रू भाषेत’ संकलित केली आणि प्रत्येकाने आपापल्या कुवतीनुसार त्यांचा अर्थ लावला, असा पापियस यांच्या विधानाचा आशय आहे. येथे ‘हिब्रू’ म्हणजे त्या काळच्या यहुदी लोकांची बोली अरामी असाही अर्थ घेतला जातो.

इ.स. १८० च्या सुमारास आयरेनियस यांनी लिहिले की, पेत्र व पौल रोममध्ये उपदेश करीत असताना मत्तय यांनी हिब्रू लोकांसाठी त्यांच्याच भाषेत शुभवर्तमान लिहिले. ओरिजेन, युसेबियस आणि जेरोम यांनी ही परंपरा पुढे नेली. हिब्रूतील मत्तय आपल्या काळी कैसरियाच्या ग्रंथालयात होता, असे जेरोम म्हणतात. परंतु असा ग्रंथ आज उपलब्ध नाही.

आधुनिक मत

आधुनिक काळातील बहुतेक अभ्यासक मत्तयकृत शुभवर्तमान मुळातच ग्रीक भाषेत, साधारणपणे इ.स. ८० ते ९० या दशकात, बहुधा सीरियातील अंत्युखिया येथे लिहिले गेले असे मानतात. याचे प्रमुख कारण अंतर्गत पुराव्यात आहे. मार्ककृत शुभवर्तमानातील सुमारे नव्वद टक्के मजकूर मत्तयकृत शुभवर्तमानात सापडतो आणि अनेक ठिकाणी ग्रीक शब्दरचनाही जुळते. प्रत्यक्षदर्शी प्रेषिताने, प्रेषित नसलेल्या मार्क यांच्या लेखनाचा इतका आधार का घ्यावा, असा प्रश्न त्यातून उभा राहतो. मार्कमध्ये नसलेला, परंतु मत्तय आणि लूक यांच्यात समान असलेला उपदेश एका लुप्त संग्रहातून आला असावा, अशीही उपपत्ती मांडली जाते. या कल्पित संग्रहाला अभ्यासक ‘क्यू’ म्हणतात.

ग्रंथकार यहुदी धर्मशास्त्रात पारंगत होता, याविषयी मात्र व्यापक एकमत आहे. तेराव्या अध्यायात आपल्या भांडारातून नव्या-जुन्या वस्तू बाहेर काढणाऱ्या शास्त्र्याचे जे चित्र येते, त्यात ग्रंथकाराने स्वतःचेच वर्णन केले असावे, असे काहींना वाटते. पारंपरिक मताचे समर्थक दुसऱ्या बाजूने ग्रंथातील पैशाविषयीच्या प्रसंगांकडे लक्ष वेधतात. माशाच्या तोंडातील नाण्याने मंदिराचा कर भरण्याची कथा, कर्ज माफ झालेल्या पण स्वतः माफ न करणाऱ्या चाकराचा दृष्टांत आणि द्राक्षमळ्यातील मजुरांच्या रोजगाराचा दृष्टांत केवळ याच शुभवर्तमानात आहेत.

शुभवर्तमानाचे स्वरूप

या ग्रंथात २८ अध्याय आहेत. आरंभी अब्राहामापासून येशूंपर्यंतची वंशावळ चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन गटांत दिली आहे. या वंशावळीत तामार, राहाब, रूथ आणि उरियाची पत्नी या चार स्त्रियांचा, तसेच शेवटी मरियेचा उल्लेख आहे. येशूंच्या आयुष्यातील घटनांनी प्राचीन संदेष्ट्यांची वचने पूर्ण झाली, हे सूत्र ग्रंथात वारंवार येते.

येशूंचा उपदेश पाच मोठ्या प्रवचनांत गुंफलेला आहे : डोंगरावरील प्रवचन (अध्याय ५ ते ७), प्रेषितांना सूचना (१०), देवराज्याचे दृष्टांत (१३), मंडळीतील परस्परव्यवहार (१८) आणि युगान्ताविषयीचे प्रवचन (२४ व २५). पंचग्रंथाच्या, म्हणजे मोशेच्या पाच पुस्तकांच्या, धर्तीवर ही रचना असावी असे एक मत आहे. ख्रिस्ती उपासनेत म्हटली जाणारी ‘प्रभूची प्रार्थना’ प्रामुख्याने याच शुभवर्तमानातील पाठावर आधारलेली आहे. ‘मंडळी’ अर्थात चर्च हा शब्द चार शुभवर्तमानांपैकी केवळ मत्तयकृत शुभवर्तमानात येतो.

डोंगरावरील प्रवचनाचा प्रभाव ख्रिस्ती समाजाबाहेरही पडला. इंग्लंडमधील विद्यार्थिदशेत हे प्रवचन वाचून आपण भारावून गेलो आणि गीतेच्या शिकवणीशी त्याची तुलना केली, असे महात्मा गांधींनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. विनोबा भावे यांनी नव्या करारातील निवडक वचनांचे ‘ख्रिस्तधर्मसार’ हे संकलन सिद्ध केले.

याच ग्रंथातील एका वचनाचा इतिहास मात्र दुःखद आहे. सत्ताविसाव्या अध्यायात येशूंच्या रक्ताचा दोष जमाव स्वतःवर आणि आपल्या संततीवर ओढवून घेतो. या वचनाचा आधार घेऊन युरोपात शतकानुशतके सर्व यहुद्यांना दोषी ठरवण्यात आले आणि त्यांचा छळ झाला. वस्तुतः हा ग्रंथ यहुदी समाजाच्या अंतर्गत वादातून घडलेला असल्याचे अभ्यासक दाखवून देतात. येशूंच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येत नाही, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजीच्या घोषणापत्रात स्पष्ट केले.

उत्तरायुष्य व मृत्यूविषयीच्या परंपरा

येशूंच्या मृत्यूनंतर मत्तय यांनी काही काळ यहुदी लोकांत उपदेश केला आणि नंतर ते अन्य देशांकडे गेले, असे युसेबियस सांगतात. अलेक्झांड्रियाचे क्लेमेंट (इ.स. २०० च्या सुमारास) यांच्या एका उल्लेखानुसार मत्तय मांसाहार वर्ज्य करून बिया, फळे व भाजीपाला यांवर निर्वाह करीत.

त्यांच्या मृत्यूविषयी परंपरांत एकवाक्यता नाही. क्लेमेंट यांनी उद्धृत केलेल्या हेराक्लिऑन यांच्या वचनानुसार मत्तय यांना हौतात्म्य आले नाही. ही नोंद काळाने जुनी आहे. पुढील शतकांतील आख्यायिका मात्र त्यांना हुतात्मा मानतात. इथिओपियात तेथील राजकन्या इफिजेनिया हिने संन्यस्त जीवन स्वीकारले असता, तिच्याशी विवाह करू इच्छिणाऱ्या राजाला मत्तय यांनी विरोध केला. तेव्हा राजाने त्यांचा वध करविला, अशी कथा मध्ययुगीन युरोपात लोकप्रिय झाली. अन्य कथांत मृत्यूचे ठिकाण पार्थिया किंवा इराण असे येते. दहाव्या शतकापासून त्यांचे अवशेष इटलीतील सालेर्नो येथे असल्याचे मानले जाते. तेथील मुख्य चर्च अकराव्या शतकात बांधले गेले.

भारत व कोकणाशी जोडलेली परंपरा

मत्तय स्वतः भारतात आल्याची परंपरा नाही. मात्र त्यांचे शुभवर्तमान भारतात पोहोचल्याची आहे. युसेबियस यांच्या कथनानुसार, अलेक्झांड्रियातील ख्रिस्ती विद्यापीठाचे प्रमुख पँटीनस हे दुसऱ्या शतकाच्या अखेरीस ‘इंडिया’त गेले. तेथील ख्रिस्ती लोकांजवळ हिब्रू लिपीतील मत्तयकृत शुभवर्तमान त्यांना आढळले. प्रेषित बर्थलमय यांनी ते तेथे ठेवले होते, असे सांगितले जाई. जेरोम यांनी दोन शतकांनंतर या कथनात भर घातली. पँटीनस यांना बिशप देमेत्रियस यांनी ब्राह्मणांना व तेथील तत्त्वज्ञांना उपदेश करण्यासाठी पाठवले होते आणि त्यांनी तो ग्रंथ अलेक्झांड्रियास परत आणला, असे ते म्हणतात.

हा ‘इंडिया’ नेमका कोणता, हा वादाचा विषय आहे. त्या काळचे ग्रीक व रोमन लेखक हे नाव दक्षिण अरबस्तान आणि इथिओपिया या प्रदेशांनाही लावीत. त्यामुळे अनेक इतिहासकार पँटीनस यांचा प्रवास अरबस्तानापर्यंतच झाला असावा असे मानतात.

याउलट ए. सी. पेरुमालिल आणि जॉर्ज मोराइस यांनी विसाव्या शतकात बर्थलमय यांचे कार्यक्षेत्र कोकणात, कल्याण बंदराच्या परिसरात होते असे प्रतिपादन केले. या मताच्या बाजूने पुढील मुद्दे मांडले जातात. एक, पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात कल्याणचा बंदर म्हणून उल्लेख आहे. म्हणजे इजिप्त आणि कोकण यांच्यात सागरी संपर्क होता. दोन, एका प्राचीन नोंदीत बर्थलमय यांनी ‘सुखी’ म्हणवल्या जाणाऱ्या भारतीयांना उपदेश केल्याचे म्हटले आहे आणि ‘कल्याण’ या शब्दाचा अर्थ तसाच होतो. तीन, सहाव्या शतकातील प्रवासी कॉस्मस यांनी कल्याण येथे ख्रिस्ती समाज आणि इराणातून नियुक्त होणारा बिशप असल्याची नोंद केली आहे. चार, हिब्रू लिपीतील ग्रंथाला वाचक हवेत आणि कोकणात बेने इस्रायल हा यहुदी समाज प्राचीन काळापासून राहत आला आहे.

या मुद्द्यांची छाननी केल्यास पहिला मुद्दा शक्यता दाखवतो, घटना सिद्ध करीत नाही. दुसऱ्यातील ‘सुखी’ हे विशेषण रोमन लोक दक्षिण अरबस्तानालाही लावीत. तिसरी नोंद पँटीनस यांच्यानंतर साडेतीनशेहून अधिक वर्षांची असून, ती इराणच्या चर्चशी असलेला संबंध दाखवते. चौथ्याविषयी सांगायचे तर, अलिबागजवळ नवगाव येथे गलबत फुटून आपले पूर्वज किनाऱ्याला लागले, ही बेने इस्रायल समाजाची परंपरा आहे. तथापि त्या समाजाविषयीचे लेखी पुरावे बरेच उत्तरकालीन आहेत. हिब्रूचे ज्ञान या समाजात पुढे इतके क्षीण झाले होते की, एकोणिसाव्या शतकात मुंबईत जॉन विल्सन यांनी त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिले. सारांश, सहाव्या शतकातील कल्याणचा ख्रिस्ती समाज ही प्रवाशाने नोंदवलेली वस्तुस्थिती होय. दुसऱ्या शतकात तेथे मत्तयकृत शुभवर्तमान होते हे अनुमान आहे.

मराठी भाषेतील मत्तय

मत्तय यांच्या ग्रंथातील कथा मराठीत प्रथम पद्यरूपाने आल्या. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूर येथे मुद्रित झाले. मात्र ते रोमी लिपीत होते. पूर्वेकडील ज्ञानी पुरुष ताऱ्याचा माग काढीत बाळ येशूंच्या दर्शनाला येतात, ही केवळ मत्तय यांच्या ग्रंथात असलेली कथा गोव्यात विशेष रुजली. बार्देश तालुक्यातील रेइश मागुश या गावाचे आणि तेथील चर्चचे नाव याच ज्ञानी पुरुषांवरून पडले आहे. गोव्यात ६ जानेवारीच्या सुमारास ‘तीन राजांचा सण’ साजरा होतो.

देवनागरीत छापलेला मत्तय मात्र बंगालमधून आला. श्रीरामपूर मिशनचे विल्यम कॅरे यांनी फोर्ट विल्यम कॉलेजमधील मराठीचे अध्यापक वैजनाथ पंडित यांच्या साहाय्याने मत्तयकृत शुभवर्तमानाचे भाषांतर केले आणि ते १८०५ साली छापले. मराठी मुद्रणाच्या आरंभकाळातील हे पुस्तक होय. कॅरे यांचे मराठी व्याकरणही त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. श्रीरामपूरचा मराठी नवा करार १८११ मध्ये आला. मराठी प्रदेशापासून दूर राहून केलेल्या या भाषांतराची भाषा पुढील भाषांतरकारांना समाधानकारक वाटली नाही. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनने नव्याने भाषांतर हाती घेऊन १८२६ मध्ये नवा करार प्रसिद्ध केला.

त्यानंतरच्या भाषांतरांत पंडिता रमाबाई यांचे कार्य वेगळे आहे. सामान्य स्त्रियांना कळेल अशा सोप्या मराठीत त्यांनी हिब्रू व ग्रीक मुळांवरून संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले आणि केडगावच्या मुक्ती मिशनमधून ते बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. नारायण वामन टिळक यांनी आरंभलेले आणि त्यांच्या निधनानंतर (१९१९) लक्ष्मीबाई टिळक यांनी पूर्ण केलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य शुभवर्तमानांतील कथेवर आधारित आहे. अलीकडच्या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला.

सण, प्रतीके आणि कला

मत्तय यांचे प्रतीक पंख असलेला मनुष्य हे आहे. यहेज्केल व प्रकटीकरण या ग्रंथांतील चार प्राण्यांपैकी मनुष्यमुख मत्तय यांना देण्याची प्रथा जेरोम यांच्यामुळे रूढ झाली. त्यांचा ग्रंथ येशूंच्या मानवी वंशावळीने सुरू होतो, हे त्याचे कारण सांगितले जाते. पूर्वीच्या व्यवसायामुळे लेखापाल, बँक कर्मचारी आणि कर अधिकारी त्यांना आपले आश्रयदाते संत मानतात. कॅथलिक उपासनेच्या तीन वर्षांच्या वाचनचक्रात पहिल्या, म्हणजे ‘अ’ वर्षातील रविवारी प्रामुख्याने मत्तयकृत शुभवर्तमान वाचले जाते. २०२२-२३ आणि २०२५-२६ ही अशी उपासनावर्षे होत.

चित्रकार काराव्हाज्जो यांचे ‘संत मत्तयाचे पाचारण’ (१५९९-१६००) रोममधील सान लुइजी देइ फ्रांचेझी या चर्चमध्ये आहे. जकातीची नाणी मोजत बसलेल्या माणसांवर पडलेला प्रकाशाचा झोत हे त्या चित्राचे वैशिष्ट्य होय. योहान सेबास्टियन बाख यांची ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ ही संगीतरचना (१७२७) या शुभवर्तमानाच्या सव्विसाव्या व सत्ताविसाव्या अध्यायांवर आधारलेली आहे. इटालियन दिग्दर्शक पिएर पाओलो पासोलिनी यांनी १९६४ मध्ये याच शुभवर्तमानावर चित्रपट काढला.